वाहन प्रश्नोत्तरे : स्पेसर बसवल्यानंतर गाडी आवाज का करू लागते?

या वेळच्या पत्रांत एकच विषय निरनिराळ्या तोंडांनी बोलतो आहे. एसयूव्ही उंच करण्यासाठी सस्पेन्शनमध्ये स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या, बसवले, पहिले दोन दिवस समाधान वाटले, आणि मग आवाज, थरथर किंवा टायरची झीज सुरू झाली. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे, कारण त्यातील तपासणीची पद्धत बाकीच्या वाचकांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या फोर बाय फोर एसयूव्हीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा सॉलिड अ‍ॅक्सल आहे, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत. दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेकडे जाणारी शेवटची वाट पावसाळ्यात खोल चाकोऱ्यांची होते, म्हणून पुढची बाजू ३० मिलिमीटर उंच करावी असे ठरवले. अंबडच्या एका लेथवर अ‍ॅल्युमिनियमचे ३० मिलिमीटर जाडीचे स्पेसर कातून घेतले आणि एका गॅरेजमध्ये ते पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक यांच्या एकत्र खांबाच्या) डोक्यावर बसवून घेतले. गाडी मात्र पुढून ५० मिलिमीटर वर आली. आता गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टण’ असा आवाज येतो, वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, गाडी डावीकडे ओढते आणि पुढच्या टायरांची बाहेरची कड झिजू लागली आहे. व्हील अलाइनमेंट दोनदा केले. गॅरेजवाले म्हणतात, शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेले आहेत, जोडी बदला. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचा खर्च तूर्त थांबवा. आपण लिहिलेल्या चारही तक्रारी स्पेसर बसवल्यावरच सुरू झाल्या आहेत आणि चारही एकाच कारणाकडे बोट दाखवतात. शॉकमधून तेल गळत नसेल आणि स्पेसरपूर्वी गाडी खड्ड्यानंतर झोके घेत नसेल, तर ते नेमके आताच निकामी होण्याचे काही कारण नाही.

प्रथम उंचीचा हिशेब पाहू, कारण मूळ चूक तिथे झाली आहे. डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये स्ट्रटचे खालचे टोक चाकाजवळ नसते. ते लोअर आर्मवर, आर्मच्या चेसिसकडील बुशापासून (रबरी सांध्यापासून) काही अंतरावर बसलेले असते. चेसिसकडील बुशाच्या मध्यापासून स्ट्रटच्या खालच्या बोल्टपर्यंतचे अंतर २४० मिलिमीटर आणि त्याच बुशापासून चाकाकडील बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंतचे अंतर ४०० मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर ०.६ येते. स्ट्रट ३० मिलिमीटर खाली ढकलला की चाक ३० भागिले ०.६, म्हणजे ५० मिलिमीटर खाली जाते. आपल्याला मिळालेली उंची नेमकी तेवढीच आहे. स्ट्रट तिरपा असल्याने प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, तरी टेप घेऊन ही दोन अंतरे मोजली असती तर आपल्याला ३० मिलिमीटर उंचीसाठी १८ मिलिमीटरचाच स्पेसर पुरेसा आहे हे कळले असते. चाकाजवळ उभ्या बसणाऱ्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत स्पेसरची जाडी आणि मिळणारी उंची जवळपास सारखी असते. लेथवाल्याला जाडी सांगताना तोच हिशेब डबल विशबोनच्या गाडीला लावला जातो आणि घोटाळा होतो.

आता आवाजाकडे येऊ. स्पेसर गाडी उंच करतो, पण सस्पेन्शनची एकूण चाल वाढवत नाही. तो तीच चाल निराळ्या जागी सरकवतो. स्ट्रटच्या डोक्यावर बसवलेला स्पेसर अख्खा स्ट्रट खाली नेतो, त्यामुळे चाक हवेत लटकते तेव्हा ते पूर्वीपेक्षा अधिक खाली जाते. त्या अवस्थेत अपर आर्म खाली झुकून स्प्रिंगच्या वेटोळ्याला टेकतो, आणि गतिरोधक ओलांडून चाक खाली पडते त्या क्षणी लोखंडावर लोखंड आपटते. स्पेसर स्ट्रटच्या आत, स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे शॉकची चाल उघडण्याच्या बाजूला कमी उरते, शॉक पूर्ण लांब होऊन अडतो आणि आवाज ‘धप्प’ असा बोदा येतो. आपण ‘टण’ असे लिहिले आहे, म्हणून माझा संशय अपर आर्मवर आहे.

संशय पडताळण्यासाठी गाडी सपाट फरशीवर घ्या, हँडब्रेक लावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. जॅक चेसिसला लावून पुढची बाजू उचला, चेसिसखाली स्टँड ठेवा आणि पुढची चाके काढा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कृपया हातसुद्धा घालू नका. आता सस्पेन्शन पूर्ण लटकलेले आहे. टॉर्च घेऊन अपर आर्मची आतली कड पाहा. आर्म स्प्रिंगला लागत असेल तर त्या जागी काळा रंग उडून चंद्रकोरीएवढी जागा आरशासारखी चमकत असते, आणि समोरच्या वेटोळ्यावरही तशीच घासलेली खूण असते. ही खूण दिसली की आवाजाचा शोध संपला. परंतु स्प्रिंगवरची खूण गंभीर समजावी, कारण रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि तारेला तिथून तडा जाऊ शकतो.

चाक लटकलेले असतानाच आणखी काही गोष्टी पाहून घ्या. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हब हाताने फिरवा; फिरताना तो एखाद्या जागी अडखळत असेल तर ड्राइव्हशाफ्टचा सीव्ही जॉइंट (चाक वळले किंवा वरखाली झाले तरी त्याला जोर पोहोचवणारा सांधा) त्याला झेपणाऱ्या कोनाच्या टोकाला पोहोचला आहे. त्याच्या रबरी बूटाच्या घड्या उघडून पाहा. माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात त्र्यंबक रोडवरून आलेल्या एका गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फराटे उडाले होते. मालकाला ते ब्रेकचे तेल वाटले होते. प्रत्यक्षात स्पेसरमुळे वाढलेल्या कोनात बूटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटल्या होत्या, आत चिखल गेला होता आणि जॉइंट वळणावर कट-कट वाजू लागला होता. बूट वेळीच बदलला असता तर जॉइंट वाचला असता. त्यानंतर एखाद्याला स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि ब्रेकचा होज व एबीएसची तार ताणली जाते का ते पाहा. होज ताठ होत असेल तर ती गाडी, रस्ता कितीही जवळचा असो, तशी चालवू नये.

आता जॅक लोअर आर्मखाली घेऊन हळूहळू उचला आणि सस्पेन्शन गाडी रस्त्यावर उभी असताना असते त्या उंचीवर आणा. ही उंची कशी मोजायची तेही सांगतो. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवा आणि झीज यांनी आकडा फसवतो. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कमानीपर्यंत मोजावे. जॅकवरून उतरवलेली गाडी टायर फरशीला चिकटून राहिल्याने काही वेळ खोटी उंच दिसते, म्हणून ती पाच-सहा मीटर पुढेमागे ढकलून, बंपरवर दोनदा दाब देऊन मगच टेप लावावी. हा आकडा गाडी जॅकवर घेण्याआधीच लिहून ठेवावा, म्हणजे आर्म त्याच उंचीला उचलता येतो.

या उंचीवर आर्मच्या चेसिसकडील बुशांचे बोल्ट सैल करा आणि पुन्हा कसा. बहुतेक गाड्यांत हे बुश बाहेरच्या आणि आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेल्या रबराचे असतात. बोल्ट कसला की आतली नळी जागेवर पकडली जाते आणि आर्म वरखाली होताना रबर पिळले जाते. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर, चाके लटकलेली असताना बोल्ट कसून टाकले, तर गाडी खाली येताच सगळी बुशे कायमची पिळलेली राहतात. अशी गाडी करकरते, कडक वाटते आणि बुशे काही महिन्यांत फाटतात. घाईच्या कामात ही एक पायरी वारंवार वगळली जाते आणि मग दोष स्पेसरवर किंवा शॉकवर ढकलला जातो, याचे मला फार वाईट वाटते, कारण तिला जास्तीत जास्त अर्धा तास लागतो. बोल्ट किती कसायचा तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

स्टीअरिंग परत न येणे, गाडी ओढणे आणि टायरची कड ही तिन्ही भूमितीची लक्षणे आहेत. पुढची बाजू उंच झाली की बहुतेक डबल विशबोन गाड्यांत कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकाव, कमी होतो. चाकाला वळणानंतर सरळ आणणारा जोर त्यातूनच येतो, म्हणून स्टीअरिंग सुस्त होते. त्याच वेळी चाकाचा वरचा भाग बाहेर झुकतो, म्हणजे कॅम्बर धन बाजूला जातो, आणि टायर बाहेरच्या कडेवर चालू लागतो. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये फरक राहिला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून डावीकडे थोडे उतरते असतात, त्यामुळे जराशी डावी ओढ स्वाभाविक आहे. पण हात सोडताच गाडी लेन सोडत असेल तर ती रस्त्याची ओढ नव्हे. अलाइनमेंट दोनदा करूनही फरक पडला नाही, याचा अर्थ बहुधा फक्त टो, म्हणजे चाके पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, जुळवला गेला. छापील अहवाल मागून घ्या आणि त्यात कॅस्टर व कॅम्बरचे आकडे स्वतः वाचा. ज्या गाडीत लोअर आर्मला कॅम बोल्ट (फिरवून आर्मची जागा बदलणारे बोल्ट) आहेत तिथे हे दोन्ही काही प्रमाणात सुधारता येतात. ५० मिलिमीटर उंचीवर ते बोल्ट बहुतेकदा टोकाला जाऊनही पुरे पडत नाहीत.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की ३० मिलिमीटरचे स्पेसर काढून टाकावेत आणि १८ मिलिमीटरचे, अंतरे मोजून, नव्याने करून घ्यावेत. आहे तोच स्पेसर कातून पातळ करायचा झाल्यास वरचा आणि खालचा पृष्ठभाग एकमेकांना समांतर राहील आणि बोल्टची छिद्रे मूळ जागी राहतील याची खात्री करावी. दोन स्पेसर एकावर एक रचणे किंवा स्ट्रटचे स्टड वेल्डिंग करून लांब करणे यांपैकी काहीही कोणी सुचवले तर ठाम नकार द्यावा. काम करताना स्ट्रट सुटा करून स्प्रिंग उघडण्याची गरज पडलीच, तर ते स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या आणि रोज हे काम करणाऱ्या माणसाकडेच द्यावे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते.

प्रश्न : मागच्या स्प्रिंगखाली ४० मिलिमीटरचे स्पेसर बसवले, शॉक मूळचेच ठेवले. आता कसारा घाट चढताना ताशी ५० ते ७० किलोमीटर वेगाला बुडाखालून थरथर जाणवते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ती थांबते. चाकांचे बॅलन्सिंग झाले आहे.
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर : अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थांबणारी थरथर चाकांची नसते. त्याच वेगाला वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहा. इंजिनचे फेरे बदलूनही थरथर त्याच वेगाला येत असेल तर ती प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याची, आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे असतात तेव्हा एका जॉइंटने निर्माण केलेली वेगाची चढउतार दुसरा जॉइंट रद्द करतो. मागची बाजू वर गेली की शाफ्टचा उतार वाढतो, मागच्या दांड्यांच्या (ट्रेलिंग आर्मच्या) फिरण्याने डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचे) नाकही थोडे वळते आणि हे दोन कोन सारखे राहत नाहीत. घाट चढताना जोर लागतो तेव्हा अ‍ॅक्सल आणखी पिळला जातो, म्हणून तक्रार तिथेच ठळक होते. गाडी चाकांवर उभी असताना कोनमापक घेऊन गिअरबॉक्सकडील फ्लॅंज, शाफ्ट आणि डिफरन्शियलचा फ्लॅंज यांचे उतार मोजा. दोन जॉइंटच्या कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर स्पेसर कमी करणे किंवा लांबी बदलता येणारे आर्म लावणे हे दोनच खरे उपाय आहेत. त्याआधी जॉइंटचा क्रॉस हाताने हलवून ढिला आहे का ते पाहावे, कारण जुना क्रॉस वाढलेल्या कोनात सर्वांत आधी बोलू लागतो.

याच गाडीबाबत एक सूचना. मूळ शॉक ठेवल्यामुळे आता ते उभ्या गाडीतही बरेचसे उघडलेले असतात आणि खड्ड्यात चाक पडताना पूर्ण लांब होऊन अडतात. शॉकच्या उघड्या दांड्यावर एक केबल टाय हाताने सरकेल पण आपोआप घसरणार नाही अशी गुंडाळावी, दोन दिवस नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवावी आणि ती कुठे सरकली ते पाहावे. शॉक दाबाच्या बाजूला किती गेला ते त्यावरून कळते. उघडण्याच्या बाजूला किती चाल उरली आहे ते मात्र चाके लटकवून, लांबी मोजूनच समजते. तसेच अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड असेल तर गाडी उंच होताना अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. मागून पाहिल्यास एक चाक कमानीबाहेर अधिक दिसते ते त्यामुळेच.

प्रश्न : स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बसणारे रबरी बफर आणि स्पेसर यांत फरक काय? पिकअपसारखे काम घ्यावे लागते, कांद्याच्या दिवसांत मागे भार असतो.
— एक वाचक, निफाड

उत्तर : पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. स्पेसर स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त बैठक हलवतो. बफर दोन वेटोळ्यांना एकमेकांपासून अडवून धरतो, त्यामुळे तेवढी तार काम करीत नाही, स्प्रिंग कडक होते आणि उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो. बफरखाली अडकलेली माती रंग घासून काढते. भारासाठी अधिक क्षमतेची स्प्रिंग घ्यावी. बफर काढून टाकावेत.

प्रश्न : चारही बाजूंनी ४० मिलिमीटर उंच करूनही हरसूलकडच्या कच्च्या रस्त्यावर मागचे डिफरन्शियल दगडाला लागतेच. स्पेसर कमी पडले का?
— एक शिक्षक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : नाही. सॉलिड अ‍ॅक्सल चाकांवरच उभा असतो. स्पेसर त्याच्या वर असतो. त्यामुळे बॉडी आणि चेसिस वर गेले, पण डिफरन्शियल जमिनीपासून होते तिथेच राहिले. ते वर उचलायचे तर टायरचा व्यासच वाढवावा लागतो, आणि व्यासातील वाढीच्या निम्मीच उंची अ‍ॅक्सलला मिळते. अशा वाटेवर दगड दोन चाकांच्या मध्ये घेण्याऐवजी एक चाक दगडावर चढवून जाणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

प्रश्न : स्पेसर कायदेशीर आहेत का? विम्याचे काय?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काम करण्याआधी पेठ रोडवरील आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवून पोच जपून ठेवावी. न कळवलेल्या बदलावरून अपघातानंतर दावा अडवला जाऊ शकतो.

प्रश्न : फक्त पुढची बाजू ४० मिलिमीटर उंच केल्यापासून रात्री समोरचे चालक सतत अपर मारून इशारा देतात, जरी माझा दिवा लोअरवर असतो. दिव्यात दोष आहे का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : दिवा निर्दोष आहे, गाडीचे नाक वर गेले आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २,७०० मिलिमीटर धरल्यास ४० मिलिमीटरच्या उचलीने प्रकाशाचा झोत ५० मीटर अंतरावर सुमारे पाऊण मीटर वर सरकतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या छातीवरचा प्रकाश थेट डोळ्यांत जातो. दुचाकीवाल्याला त्या क्षणी रस्त्याची कड दिसत नाही, म्हणून हे काम आजच करावे. टाकी भरलेली, चालक आसनावर, टायरमध्ये योग्य हवा, डॅशबोर्डवरील दिव्याचे चक्र शून्यावर, अशा स्थितीत गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटर मागे उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि भिंतीवर त्या उंचीला खडूने आडवी रेघ ओढा. दिव्याच्या आवरणावर किंवा बॉनेटखालील पट्टीवर उताराची टक्केवारी छापलेली असते, ती १.२ असेल तर पहिल्या रेघेखाली १२ सेंटीमीटरवर दुसरी रेघ ओढा. लोअर लावून, एक दिवा झाकून, दिव्याच्या मागचा स्क्रू फिरवत उजेडाची वरची सपाट कड या दुसऱ्या रेघेवर आणा, आणि मग दुसऱ्या दिव्याचेही तसेच करा.